चमत्कारिक, विलक्षण की सरळ 'भारी'?

पाटीपेन्सिल:
लहान मुलांसाठी शनीच्या कड्यांवरचा एक छोटा लेख मराठीत करतेय. दुर्बिणीतून कडी पहिल्यांदा दिसतात तेव्हा जे वाटतं त्यासाठी एक विशेषण हवंय. मी 'चमत्कारिक दृश्य' लिहिलं होतं, तर तपासणाऱ्या बाईंनी खाली रेघ मारून शेजारी लिहिलं, 'शनी काय विक्षिप्त आहे का?' आमची आजी चमत्कार वाटावा अशा कशालाही चमत्कारिक म्हणायची. 'अद्भुत' नको, त्याच परिच्छेदात दोनदा येऊन गेलाय. सुचवा.

अर्धविराम:
बाईंचं बरोबर आहे. 'माणूस जरा चमत्कारिकच आहे' म्हटलं की लोक त्याच्या पाया पडत नाहीत, चार हात लांब राहतात. 'विचित्र'चंही तेच झालं, संस्कृतात रंगीबेरंगी, सुंदर, नवलाचं, आणि आपल्याकडे नाक मुरडण्यापुरता उरला. 'विलक्षण' लिहा नि मोकळ्या व्हा.

काना_मात्रा:
विलक्षण डोकेदुखीही असते हो. त्यात नुसतं वेगळेपण आहे, डोळे विस्फारणं कुठंय? 'अपूर्व' बघा, पूर्वी न पाहिलेलं, मुलांनी खरंच पाहिलेलं नसतं.

अर्धविराम:
वर्गात एक तरी अपूर्व असणार, सगळे त्याच्याकडे बघून हसतील.

उगाच_आपलं:
मुलांनाच विचारा की, ती 'भारी' म्हणतील नाहीतर 'खतरनाक'. आपण इथे कोश उघडून बसलोय आणि ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांच्याकडे शब्द तयार आहे.

शुद्धमती:
बोलताना काय वाटेल ते म्हणा, मुलांच्या हातात जाणाऱ्या छापील मजकुरात खतरनाक, गजब असलं काही नको. गजब म्हणजे मुळात अरबीत क्रोध. आपल्या 'गहजब'मध्ये तो आरडाओरडा अजून शाबूत आहे. कडी बघून गहजब करायचाय का?

उगाच_आपलं:
'शाबूत' कुठला हो?

शुद्धमती:
रुळलेल्या शब्दांची गोष्ट वेगळी.

उगाच_आपलं:
आणि रुळले की नाही हे ठरवणार कोण, तुम्हीच ना?

जुनी_वही:
भांडू नका, मला यात वेगळीच गंमत दिसते. खतरनाकला हसताय, पण आपण सगळेच 'भयंकर सुंदर' म्हणतो की. थक्क होण्यात थोडी भीती असतेच. गीतेच्या ११व्या अध्यायात अर्जुन विश्वरूपाला एकाच ओळीत अद्भुतही म्हणतो आणि उग्रही. याउलट 'विस्मय' बघा, तो आणि 'स्मित' एकाच 'स्मि' धातूचे, म्हणजे तिथे भीती नाही, हसू आहे. आणि 'स्तिमित'चा संस्कृतात एक अर्थ चक्क ओला, दुसरा निश्चल. मला तर वाटतं पावसात भिजून खांबासारखा उभा राहिलेला माणूस म्हणजे स्तिमित, अर्थात हे माझं आपलं.

काना_मात्रा:
व्युत्पत्ती छान, पण खरी अडचण तिथे नाहीये. थक्क, अवाक, चकित, स्तिमित हे सगळे बघणाऱ्याचे शब्द आहेत, बघितलेल्या वस्तूचे नाहीत. 'थक्क दृश्य' म्हणता येत नाही, मग 'थक्क करणारं' असं शेपूट लावावं लागतं आणि वाक्य जाहिरातीसारखं वाजायला लागतं. वस्तूला थेट चिकटणारे मोजकेच, अद्भुत, अपूर्व, अलौकिक, अचाट, अफाट, त्यातही अचाट म्हटलं की कुणीतरी काहीतरी केलेलं लागतं, अचाट धाडस, अचाट बुद्धी. आणि बोलताना तर आपण विशेषण वापरतच नाही, 'काय ती कडी!' किंवा 'केवढी!' म्हणतो नि सुटतो.

निमशहाणा:
मग विशेषण काढूनच टाका ना. कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण पावणेतीन लाख किलोमीटर, आणि जाडी बऱ्याच ठिकाणी १० मीटरच्या आसपास. हे सांगितल्यावर वर अद्भुत कशाला लिहायचं, पोरगं स्वतःच आ वासेल.

पाटीपेन्सिल:
आकडे आहेतच लेखात, पुढच्या परिच्छेदात. पण हे वाक्य डोळा दुर्बिणीला लावल्या क्षणाचं आहे, तेव्हा कुणाला किलोमीटर दिसत नाहीत, तिथे ते टाकले की मुलगा बघायचं सोडून गणित करत बसतो. 'केवढी'ही नाही चालत, दुर्बिणीत ती इवलीशीच दिसतात.

जुनी_वही:
'नवलाची' घ्या. साधा आहे, आजीलाही कळेल.

अर्धविराम:
पण जरा परीकथेतला नाही वाटत?

शुद्धमती:
नवल आपला आहे, माझी हरकत नाही.

उगाच_आपलं:
मंजुरी मिळाली! आता 'मस्त'चंही सांगून टाका, फारसीत त्याचा अर्थ झिंगलेला, म्हणजे उद्यापासून 'मस्त झालं' बंद ना?

शुद्धमती:
तो संस्कृत 'मत्त'वरून आला असणार.

काना_मात्रा:
वरून नाही, दोघं भाऊबंद आहेत, मूळ एकच.

उगाच_आपलं:
म्हणजे आमचा मस्त शुद्ध निघाला! 'मस्त कडी' लिहा हो पाटीपेन्सिल, बाईंना सांगा शुद्धमतींनी पास केलंय.

शुद्धमती:
मी असं कुठे म्हटलं?