‘सॅम्पल’ला मराठीत काय म्हणावे : नमुना की उचल?

प्रश्न (खानापूर) : आमच्या भजनी मंडळातील एका तरुणाने जुन्या ध्वनिमुद्रिकेतील पखवाजाचा चार सेकंदांचा तुकडा घेतला, त्याचा सूर उतरवला, लय वाढवली आणि तो आपल्या नव्या ध्वनिमुद्रणात बसवला. इंग्रजीत ज्याला ‘सॅम्पल’ म्हणतात, अशा या तुकड्याला टिपणात त्याने ‘नमुना’ म्हटले आहे. हा शब्द योग्य आहे का?

उत्तर (निपाणी) : माझ्या मते नाही. फारसीतून आलेला ‘नमुना’ सगळ्या मालाची पारख करून देणाऱ्या अंशाला म्हणतात. आमच्याकडे व्यापारी तंबाखूचा नमुना पाहून सौदा ठरवतो, आणि नमुन्याचे पैसे सहसा कोणी मागत नाही. संगीतातला तुकडा मात्र पारखण्यासाठी घेतलेला नसतो. तो दुसऱ्याच रचनेत कायमचा बसतो. ‘नमुना’ म्हटले की परवानगीचा विचारच मनात येत नाही, म्हणून मला तो शब्द घातक वाटतो.

मी ‘उचल’ सुचवीन. ऊसतोडीच्या टोळ्या हंगामाआधी मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम घेतात ती उचल, आणि ती फेडायची असते हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. याच धातूचा ‘उचलेगिरी’ हा शब्दही आपल्याला ठाऊक आहे. विचारून घेतलेले आणि न विचारता घेतलेले, दोन्हींची आठवण हा धातू ठेवतो.

प्रश्न : सूर व लय बदलल्यावरही ती उचलच राहते का?

उत्तर : आपल्याकडील १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याने शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांना वेगवेगळे संरक्षण दिले आहे, आणि ध्वनिमुद्रणाचे संरक्षण प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकते, त्यामुळे तुकोबांचे शब्द सर्वांचे असले तरी एखाद्या गायकाने केलेले त्यांचे ध्वनिमुद्रण आपोआप सर्वांचे होत नाही. बदललेल्या तुकड्याबाबत युरोपीय संघाच्या न्यायालयाचा २०१९ चा निर्णय पाहण्यासारखा आहे. क्राफ्टवर्क या जर्मन गटाच्या १९७७ च्या ध्वनिमुद्रणातून घेतलेल्या सुमारे दोन सेकंदांच्या तालावरून तो वाद होता, आणि कानाला ओळखू येणार नाही इतका बदललेला तुकडा ही मूळ मुद्रणाची प्रत ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही; पण अशा तुकड्यासाठी ‘बेमालूम उचल’ हा शब्दप्रयोग मला नेमका वाटतो.

आपल्या मंडळातील जाणत्यांना ती थाप ऐकताक्षणी ओळखता येत असेल, तर ती बेमालूम नाही. टिपणात ‘उचल’ लिहून पुढे मूळ ध्वनिमुद्रिकेचे नाव व वर्ष द्यावे, आणि मुद्रण प्रसिद्ध करण्याआधी हक्कदाराची लेखी परवानगी घ्यावी.