मदत हवी आहे: ऊसतोड टोळीतल्या गरोदर बायांचा टीडीचा (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा) दुसरा डोस हुकतोय

फडावरची: कोल्हापूर जिल्ह्यात बीडकडच्या टोळ्या उतरल्यात. पहिला टीडी गावाकडे झालेला, दुसरा चार आठवड्यांनी, म्हणजे इथं. सत्र सकाळी अकराला अंगणवाडीत, तेव्हा कोप्यांवर (टोळीच्या झोपड्यांवर) नुसती पोरं. भेटलीच एखादी तर म्हणते, हात दुखला तर खाडा पडेल. कार्डही गावाकडेच. काय करावं?

शीतपेटी: ताई, आधी वेळ बदला. गाडी भरून टोळी कधी परतते ते मुकादमाला विचारा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून संध्याकाळचं सत्र सूक्ष्म नियोजनात (लसीकरणाच्या लेखी आराखड्यात) लिहूनच घ्या. तोंडी ठरलेल्या सत्राला ऐनवेळी लस पोहोचत नाही.

दुसरी गोची कुपीची. दहा डोसांची कुपी दोघींसाठी कशाला फोडा, म्हणून बायांना परत पाठवतात. उगाच! टीडीला खुल्या कुपीचं धोरण लागू आहे: फोडल्याची तारीख-वेळ लिहा, २ ते ८ अंशांत ठेवा, व्हीव्हीएम (कुपीवरची उष्णता दाखवणारी रंगखूण) ठीक असेल तर २८ दिवस चालते. फक्त गोठू देऊ नका, गोठलेली टीडी बाद. आईसपॅक फ्रीजरमधून काढून घाम फुटेपर्यंत बाहेर ठेवा; हलवल्यावर आत पाणी वाजलं की मगच पेटीत.

जुनी सिस्टर: कोयता कुठल्या हातात धरते ते विचारून दुसऱ्या दंडात द्या, ०.५ मिली, स्नायूत. दंड एक-दोन दिवस ठणकेल, कणकण येईल, हे आधीच सांगा. नवऱ्यालाही सांगा; उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) जोडीच्या नावावर असते, खाड्याची धास्ती त्यालाही तेवढीच.

कार्ड नाही म्हणून परत पाठवू नका. गावच्या आशाताईंना फोन लावून पहिल्या डोसची तारीख घ्या, नव्या कार्डावर चढवा. नोंद कुठेच नसेल तर पहिल्यापासून सुरू. मागच्या तीन वर्षांत आधीच्या बाळंतपणात दोन डोस झालेले असतील तर एक बूस्टर पुरे.

फडावरची: आणि नववा लागलेल्या?

जुनी सिस्टर: दुसरा किंवा बूस्टर ३६ आठवड्यांच्या आत हवा, पण उलटून गेले तरी द्यायचाच. आधी कधीच टीटी (जुनी, नुसती धनुर्वाताची लस) किंवा टीडी झालेलं नसेल तर कळा सुरू असतानाही. मात्र प्रतिपिंडं तयार होऊन बाळापर्यंत पोहोचायला दिवस लागतात, तेव्हा अशा बाईचं बाळंतपण कोपीवर होऊ देऊ नका. नाळ निर्जंतुक पात्यानंच कापली जायला हवी, वर काही लावायचं नाही. १०८ चा नंबर मुकादमाच्या फोनमध्ये आजच घाला.