जुन्या जीपला ऑइल फिल्टर: मूळ बायपास ठेवू की फुल-फ्लो करून घेऊ?

जुनी_चाकं

नमस्कार मंडळी. माझ्याकडे 1940 च्या दशकातली विलीज जीप आहे. एल-134 इंजिन, साइड व्हॉल्व्ह, 2.2 लिटर. इंजिन पूर्ण उघडून बांधून घेतलंय. रिंगा नव्या, मेन आणि बिग-एंड बेअरिंग नवी. आता अडलंय ते ऑइल फिल्टरवर. मूळचा बायपास डबा आहे (थोडंच तेल बाजूला घेऊन गाळणारा), पण आतून गंजलाय आणि झाकणाच्या पॅकिंगमधून पाझरतो. गॅरेजवाले म्हणतात, डबा काढून टाका, स्पिन-ऑन (आट्यांवर फिरवून बसवायच्या) फिल्टरचं हेड लावा आणि तेच दोन पाइप त्याला जोडा. गाडी रोज चालत नाही, पण निघते तेव्हा चांगली पळते. दिसायला मूळची राहिली तर आनंदच आहे, पण आधी बेअरिंग जपायचीत. काय करावं?

गॅलरी_प्लग

तेच दोन पाइप हेडला जोडायला सांगतायत ना, तिथेच थांबा.

बायपासमध्ये पंपातून निघालेलं बहुतेक तेल सरळ बेअरिंगांकडे जातं. गॅलरीतून, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेतून, एक बारीक फाटा निघतो, त्यातून साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी तेल डब्यात शिरतं, गाळलं जातं आणि खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलटाकीत) पडतं. ते बेअरिंगकडे जातच नाही. म्हणजे हा फाटा एक मुद्दाम ठेवलेली गळती आहे, आणि ती आवाक्यात राहावी म्हणून वाटेत जेमतेम दीड मिलिमीटरचं भोक असतं. कधी डब्याच्या मधल्या नळीला, कधी पाइपाच्या युनियनमध्ये. तुमचं भोक डब्यात असेल तर डब्याबरोबर तेही जाईल. स्पिन-ऑनचा कागद तेल सहज सोडतो. वाट मोकळी झाली की गरम इंजिनला आयडलिंगवर प्रेशर बसतं, आणि नव्या बेअरिंगांनाच तेल कमी पडतं.

आधी ते भोक कुठे आहे ते शोधा, फिल्टर मग ठरवा.

बीटलप्रेमी

मी फुल-फ्लोच्या, म्हणजे सगळं तेल आधी फिल्टरमधून नेण्याच्या, बाजूचा. माझ्या एअर-कूल्ड बीटलला मुळात फक्त तारेची जाळी आणि अडीच लिटर तेल. जाळी खडे अडवते, बेअरिंगला ओरखडे पाडणारा बारीक कण नाही. मी पंपाच्या झाकणातून तेल बाहेर काढलं, केसमधली मूळ वाट प्लगने बंद केली आणि गाळलेलं तेल आटे पाडून मेन गॅलरीत परत दिलं. आता बेअरिंगला जाणारं तेल आधी फिल्टरमधून जातं. बेअरिंग जपायची म्हणता, तर याला तोड नाही.

गॅलरी_प्लग

बीटलसाठी अगदी बरोबर, तिथे पंपाच्या तोंडाशीच तेल बाहेर घेता येतं. एल-134 मध्ये पंपाचं तेल थेट ब्लॉकच्या आतल्या वाटेत शिरतं. खरं फुल-फ्लो करायचं तर ती वाट अडवून तेल बाहेर काढायचं, गाळायचं आणि परत आत द्यायचं. हे काम ब्लॉक उघडा असतानाचं. बांधलेल्या इंजिनात ड्रिल घातलं की त्याचा कीस गॅलरीत जाणार.

शिवाय फुल-फ्लो म्हणजे प्रत्येक थेंब कायम गाळलेला, असंही नाही. थंड इंजिनात 20डब्ल्यू-50 तेल घट्ट असतं, किंवा फिल्टर चोंदतो, तेव्हा फिल्टरचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेलच पुढे जातं. तसंच हवं, कारण कोरड्या बेअरिंगपेक्षा मळकं तेल बरं. बायपासचं एलिमेंट (आतला गाळणारा भाग) दाट ठेवता येतं, त्यामुळे ते हळूहळू का होईना, बारीक काजळीही धरतं.

साइडव्हॉल्व्ह_काका

माझं मत स्वच्छ आहे: मूळ डबाच ठेवा. गंज पूर्ण काढा, झाकणाचं पॅकिंग आणि मधल्या बोल्टचा तांब्याचा वॉशर नवा घाला. एलिमेंटखाली स्प्रिंग आणि वॉशर असतील तर ते उघडताना जसे निघाले तसेच परत बसवा. ते चुकलं की तेल कागदाला वळसा घालून निघून जातं, आणि बाहेरून काही कळत नाही.

गाडी चांगली गरम झाल्यावर डब्याला जपून हात लावून बघा. डबा गरम हवा. गार लागला तर भोक किंवा एलिमेंट चोंदलंय.

तेलाचंही तितकंच महत्त्वाचं. डिटर्जंट तेल मळ तरंगत ठेवतं, खाली बसू देत नाही, म्हणून त्याला फिल्टर आणि वेळेवर बदली दोन्ही लागतात. इंजिन उघडलं तेव्हा चेंबर, पंपाची जाळी आणि गॅलऱ्या साफ झाल्या असतील तर बिनधास्त वापरा. जुना गाळ तसाच असेल तर तो सुटून जाळीवर येईल. फोर्ड मॉडेल ए ला फिल्टरच नव्हता, दर 500 मैलांना तेल बदलायला सांगत. बायपासवाल्या गाडीनेही त्यातलं थोडं शिकावं. नव्या बांधणीचं पहिलं तेल तर काही शे किलोमीटरवरच काढा.

जुनी_चाकं

काका, गॅलरी_प्लग, मनापासून आभार. लगेच डबा उघडून पाहिला. मधल्या उभ्या नळीला वरच्या बाजूला भोक आहे, टाचणीचं टोक जेमतेम जातं. हेड बसवलं असतं तर तेच गेलं असतं. चेंबर आणि जाळी बांधणीत साफ केलीच आहे. डबा ठेवतोय. पण आतला गंज फारच खोल निघाला तर?

गॅलरी_प्लग

तर स्पिन-ऑन लावा, पण फाट्यात तेवढ्याच भोकाचा रिस्ट्रिक्टर घालून. पाइप तेलाच्या दाबाला आणि उष्णतेला टिकणारे घ्या, पेट्रोलचा पाइप चालणार नाही. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे तेलात जातात. आणि आटे मोजल्याशिवाय फिल्टर घेऊ नका. 3/4-16 यूएनएफचा (इंची आट्यांचा) स्टड 19.05 मिमी, एम20 चा 20 मिमी. एम20 चा फिल्टर बारीक स्टडवर फिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि दाब आला की निसटतो. आडवा किंवा उलटा बसणार असेल तर अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह (इंजिन बंद असताना फिल्टरमधलं तेल ओघळू न देणारा) असलेलाच घ्या.

बीटलप्रेमी

या इंजिनापुरतं पटलं. एक भर घालतो. जुनं एलिमेंट फेकू नका. कापून त्याच्या घड्या उन्हात उलगडा आणि चुंबक फिरवा. चिकटलं ते पोलाद. न चिकटणारा मऊ करडा चुरा बेअरिंगच्या वरच्या थराचा असू शकतो, तांबूस कण दिसले तर झीज त्याच्या खालपर्यंत गेली असं समजा. पहिल्या बदलीला थोडा चुरा दिसेलच. दुसऱ्या बदलीलाही तेवढाच दिसला तर चेंबर उतरवा.

जुनी_चाकं

करतो. पहिल्या बदलीला घड्यांचा फोटो इथेच टाकेन. सुरू करताना आधी स्पार्क प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून, गेजवर प्रेशर येईपर्यंत क्रँक फिरवणार आहे.

साइडव्हॉल्व्ह_काका

उत्तम. त्याआधी डब्यात तेल ओतून ठेवा, आणि इंजिन चालून डबा भरला की डिपस्टिक पुन्हा बघा. पातळी खाली गेलेली असेल, तेवढं तेल भरा.