पिरेस की गिग्ज? 2001 ते 2005 या काळातला प्रीमियर लीगचा सर्वोत्तम डावा विंगर कोण?

हायबरीकर
आर्सेनलच्या 49 लीग सामन्यांच्या अपराजित मालिकेचा विषय निघाला की ऑन्री, विएरा, बर्गकाम्प ही नावं धडाधड येतात. रॉबेर पिरेसचं नाव चौथं-पाचवं, तेही कुणी आठवण करून दिली तर. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. 2001-02 ते 2004-05 या चार मोसमांत इंग्लंडमध्ये पिरेसच्या तोडीचा विंगर नव्हता. मँचेस्टर युनायटेडचा रायन गिग्जही नाही.

आधी आकडे. या चार मोसमांत पिरेसचे लीगमधले गोल 9, 14, 14, 14. म्हणजे एकूण 51, आणि तेही मिडफिल्डर म्हणून. गिग्जने या चारपैकी एकाही मोसमात लीगमध्ये दोन आकडी गोल केलेले नाहीत.

आता ती मालिका बघा. 7 मे 2003, साउदॅम्प्टनविरुद्ध 6-1. इथून 49 मोजायला सुरुवात होते आणि या सामन्यात पिरेसची हॅटट्रिक आहे. त्यानंतर दहाच दिवसांनी कार्डिफला एफए कपची फायनल, समोर तेच साउदॅम्प्टन, 1-0, आणि तो एकमेव गोलही पिरेसचाच. मालिकेतला शेवटचा, 49वा सामना 16 ऑक्टोबर 2004 चा, ॲस्टन व्हिलाविरुद्ध 3-1. त्यातले दोन गोल कुणाचे? पिरेसचे. मालिका सुरूही त्याने केली आणि टोकालाही त्यानेच नेली. तरी पोस्टरवर ऑन्री.

आणि हे सगळं गुडघ्याचं लिगामेंट फाटल्यानंतरचं. दुखापतीआधीचा पिरेस तर आणखीच वेगळा होता. मार्च 2002, व्हिला पार्क. लांबून आलेला बॉल, पाठीवर व्हिलाचा जॉर्ज बोटेंग. पिरेसने पहिल्याच स्पर्शात बॉल बोटेंगच्या डोक्यावरून काढला, वळसा घेऊन पलीकडे गाठला आणि गोलकीपर पीटर श्मायकेलच्या डोक्यावरून जाळ्यात सोडला. कुठेही घाई नाही, अंगात ताण नाही. त्याच आठवड्यात न्यूकॅसलविरुद्धच्या कप सामन्यात गोल केल्यानंतर एका टॅकलवरून उडी मारताना तो वाकडा उतरला आणि मोसम संपला. मार्चमध्येच घरी बसलेल्या खेळाडूला फुटबॉल पत्रकारांनी वर्षाचा सर्वोत्तम निवडलं. मे महिन्यात लीगची ट्रॉफी त्याच्या हातात आली तेव्हा संघातले सगळे त्याच्यापुढे वाकून दंडवत घालत होते. सहकारी उगाच कुणासमोर वाकत नाहीत.

लाल सैतान
चार मोसमांची चौकट तुम्हीच आखली, त्यात तुमचा माणूस तुम्हीच बसवला. गिग्ज 17 व्या वर्षापासून चाळिशीपर्यंत एकाच क्लबात खेळला, 13 लीग विजेतेपदं घेतली, दोन चॅम्पियन्स लीग घेतल्या. पिरेसची आर्सेनलमधली सहा वर्षं, त्यातलं पहिलं वर्ष जुळवून घेण्यात गेलं.

आणि 49 ची गोष्ट काढलीच आहे तर पूर्ण सांगा. 13 सप्टेंबर 2003, आर्सेनलचं घरचं मैदान हायबरी, समोर पोर्ट्समथ. शेरिंगहॅमने त्यांना पुढे नेलेलं. पिरेस बॉक्समध्ये स्टेफानोविचच्या पायात पाय अडकवून पडला, रेफरी ॲलन वायलीने पेनल्टी दिली, ऑन्रीने बरोबरी केली. ती चक्क डाइव्ह होती, मुद्दाम पडणं. तो सामना हरला असता तर कसले 49 आणि कसले ‘अजिंक्य’! ज्या विक्रमाचे गोडवे गाताय त्याच्या पायातच खोट आहे.

हायबरीकर
ती पेनल्टी मिळायला नको होती, हे मीही म्हणतो. पिरेसने पाय मागे ठेवला, हे रिप्लेत स्पष्ट दिसतं. पण ‘हरलाच असता’ हे कुठून आलं? तेव्हा अख्खा दुसरा हाफ बाकी होता आणि खेळ हायबरीत होता. पुढच्याच लीग सामन्यात ओल्ड ट्रॅफर्डला युनायटेडच्या व्हान निस्टलरॉयची शेवटच्या क्षणाची पेनल्टी बारवर आपटली, तीही आर्सेनलच्या नशिबात धरा हवं तर. मोसमाच्या 38 सामन्यांत एखाद-दुसरा निर्णय प्रत्येक संघाच्या बाजूने जातो. एका डाइव्हवर चार वर्षं खोडता येत नाहीत.

पेठेतला स्टॉपर
मी कोल्हापूरचा, आयुष्यभर बॅकला खेळलो, त्यामुळे विंगरकडे बघायची माझी नजर वेगळी आहे. गोल किती मारले हे सगळे सांगतात. माझा प्रश्न एकच असतो, बॉल गेल्यावर हा माणूस मागे किती पळतो?

पिरेस पळायचा नाही. पळायचा तेव्हा उशिरा पळायचा. डावी बगल डावा बॅक ॲश्ली कोलने एकट्याने ओढली. पिरेस आत सरकायचा, कोल त्याच्या बाहेरून वर जायचा, आणि बॉल हातचा गेला की कोललाच साठ यार्ड परत. त्यात ऑन्रीही डावीकडेच येऊन उभा. तिघांपैकी दोघांना बचावाची सुट्टी! भावा, कोलसारखी फुफ्फुसं मागे असती तर आमच्या पेठेतला विंगरही चमकला असता.

विंगर म्हणायचं तर बाजूची रेष धरून बॅकला मारून दाखव. हा उजव्या पायाचा, आत येणारा. आर्सेनलचा मॅनेजर वेंगरचं गणित सुंदर होतं, त्या गणितातला हा एक आकडा.

मडगावकर
स्टॉपरभाऊ, बॅकच्या नजरेनेच बघायचं तर समोरच्या संघाच्या उजव्या बॅकचा विचार करा की. पिरेस आत सरकला की त्याच्यामागे आत जायचं, तर बाहेरून कोल सुटतो. बाहेर थांबायचं, तर पिरेसला तीस यार्डांवरून गोल दिसतो. त्यात ऑन्री खांद्याला खांदा लावून उभा. तो बॅक पूर्ण सामना मधली रेषा ओलांडायला धजावायचा नाही. बॅकला त्याच्याच घरात डांबून ठेवणं हाही बचावच. लिव्हरपूलच्या अँफील्डला ऑक्टोबर 2003 मध्ये पिरेसने लांबून वळवून घातलेला बॉल बघा, उजव्या पायाची आतली बाजू, लांबचा कोपरा. तो बॉल कोलने नाही मारला.

मी त्याला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर पाहिलंय. 2014, पहिली इंडियन सुपर लीग, एफसी गोवाचा मार्की खेळाडू, प्रशिक्षक झिको. आमच्याकडे पिरेस आडनावाची घरं आहेतच, त्यात याचे वडील पोर्तुगीज, त्यामुळे लोकांनी पहिल्या दिवसापासून आपलाच मानला. एक्केचाळिशीत पायात वेग उरला नव्हता, ते कबूल. पण बॉल येण्याआधी त्याची मान दोन्हीकडे वळलेली असायची. पास यायचा तेव्हा पुढचा पास ठरलेला असायचा. आमच्या पोरांनी हे टीव्हीवर शंभरदा पाहिलं असेल, मैदानाच्या कडेला बसून पाहिल्यावर कळतं की बाकीचे बॉल मिळाल्यावर विचार करतात.

लाल सैतान
फातोर्ड्याचं सांगताय तर हाफटाइमला बोगद्यात कोलकात्याचा प्रशिक्षक हाबासशी झालेला राडाही सांगा. दोन सामन्यांची बंदी बसली होती त्याला. एवढ्या मोठ्या नावाकडून लोक शिकायला आले होते.

मडगावकर
बंदी बसली, खरं आहे. हाबासला त्याच्याहून मोठी बसली, तेही लिहा. मैदानातल्या खेळाबद्दल बोलत होतो मी.

निळा कोंबडा
मी फ्रान्सच्या संघाचा चाहता, आर्सेनल-युनायटेड या भांडणात मला पडायचं नाही. पण विंगरची उंची क्लबवरच का मोजायची? देशासाठी काय केलं ते बघा. 79 सामने, 14 गोल. 1998 च्या विश्वविजेत्या संघात होता, 2000 च्या युरो विजेत्या संघातही. आता नीट बघा, दोन्हीकडे तो मुख्यतः बदली खेळाडू. 2002 ला दुखापत. 2004 च्या युरोत तो होता, ग्रीसने घरी पाठवलं, पिरेसचा ठसा कुठेच नाही. त्याच वर्षी डोमेनेक प्रशिक्षक झाले, पिरेसचं त्यांच्याशी फाटलं आणि ऑक्टोबरनंतर तो फ्रान्सकडून पुन्हा खेळलाच नाही. 2006 ला फ्रान्स त्याच्याशिवाय फायनलला गेला. विंगला रिबेरी आणि मालुदा, आणि संघाला पिरेसची उणीव भासली नाही. फ्रान्सचा सर्वोत्तम विंगर कोण, असा धागा काढला तर मी डोळे मिटून रिबेरी म्हणेन.

हायबरीकर
बदली खेळाडू म्हणून काय केलं तेही लिहायला हवं होतं. 1998, लाँस, पॅराग्वेविरुद्धची बाद फेरी. झिदानवर बंदी, 113 मिनिटं गोल नाही. पिरेसचा क्रॉस, त्रेझेगेने डोक्याने खाली ठेवला, ब्लाँने गोल्डन गोल मारला, म्हणजे जादा वेळेत सामना तिथेच संपवणारा गोल. तो गोल झाला नसता तर पेनल्टी आणि समोर पॅराग्वेचा गोलकीपर चिलावर्ट उभा. 2000 च्या फायनलला इटलीविरुद्ध जादा वेळेत डाव्या बगलेतून घुसून मागे काढलेला बॉल कुणाचा? त्रेझेगेच्या गोल्डन गोलमागे पिरेसच आहे. दोन वेळा मोजकी मिनिटं मिळाली आणि दोन्ही वेळा कपाचा रस्ता त्याच्या पायातून गेला.

2002 ची गोष्ट तर माझ्याच बाजूची आहे. तो घरी, झिदान जायबंदी, आणि गतविजेता फ्रान्स एकही गोल न करता गटातच बाद. डोमेनेक राशी बघून माणसं निवडतात असा तेव्हा बोलबाला होता आणि पिरेस वृश्चिकेचा. खरंखोटं बाजूला ठेवा, पण जो माणूस 2004-05 च्या मोसमात इंग्लंडमध्ये 14 गोल मारतो त्याला 31 व्या वर्षी संघात जागा नसणं हे खेळाडूचं अपयश मानायला मी तयार नाही.

पेठेतला स्टॉपर
कोलबद्दल उत्तर आलंच नाही अजून. कोल आणि ऑन्री काढून टाका, पिरेस काय उरतो?

हायबरीकर
स्पेनचं व्हियारेआल उरतं. 2006 ला तिथे गेला आणि पाय ठेवताच दुसऱ्यांदा गुडघा गेला. 32 वर्षांच्या माणसाचं करिअर तिथेच संपतं. हा परत आला, आणि 2007-08 ला पेलेग्रिनींचं व्हियारेआल ला लिगामध्ये बार्सिलोनाच्या वर, दुसऱ्या क्रमांकावर राहिलं, त्या संघात पिरेस नियमित होता. तिथे ना कोल होता ना ऑन्री. गावाची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी.

लाल सैतान
माझं मत गिग्जच. कारण सांगतो. मोठ्या रात्री कोण उभा राहतो ते मी बघतो. 1999 च्या एफए कप सेमीफायनलला दहा जणांचं युनायटेड, गिग्जने स्वतःच्या अर्ध्यातून बॉल उचलला आणि अख्खा आर्सेनलचा बचाव कापत गेला. पिरेसची अशी रात्र सांगा. युरोपमधली सांगा. 2004 ला चॅम्पियन्स लीगमध्ये चेल्सीने आर्सेनलला हायबरीवरच बाहेर काढलं. 2006 च्या चॅम्पियन्स लीग फायनलला तो 18 व्या मिनिटाला बाकावर.

मडगावकर
चेल्सीविरुद्ध त्या फेरीत त्यांच्या मैदानावर, स्टॅमफर्ड ब्रिजला, बरोबरीचा गोल पिरेसचाच होता. आणि चेल्सीने बाहेर काढल्यानंतर तीनच दिवसांनी लिव्हरपूल हायबरीला आलं. आठवड्याभरात कप आणि युरोप दोन्ही गेलेले, हाफटाइमला 1-2 मागे. दुसऱ्या हाफात बरोबरीचा गोल पिरेसचा, मग ऑन्री सुटला, 4-2. त्या दिवशी कोलमडले असते तर लीगही गेली असती. त्याच महिन्यात टॉटनहॅमच्या घरी जाऊन लीग जिंकली, 2-2, त्यातही एक पिरेसचा. अजून कोणती मोठी रात्र हवी?

पेठेतला स्टॉपर
2006 चं मात्र मी वेंगरच्या बाजूने बोलणार. पॅरिस, गोलकीपर लेहमनला लाल कार्ड, दुसरा गोलकीपर आत आणायचा तर एकाला बाहेर जावंच लागणार. दहा जणांनी 72 मिनिटं बार्सिलोनाला थोपवायचं होतं. पळणारी माणसं ल्युंगबर्ग आणि ह्लेब. पिरेस 32 चा, मागे न पळणारा. मीही त्यालाच काढला असता. त्याच्याच देशात, त्याच्या आयुष्यातली एकमेव चॅम्पियन्स लीग फायनल होती, वाईट वाटतं, पण निर्णय बरोबर होता. कॅम्पबेलच्या गोलने 76 मिनिटांपर्यंत पुढे होते की! आणि विजयी गोल मारणारा बेलेटी उजवा बॅक, म्हणजे पिरेसच्याच बाजूने वर आलेला. पिरेसने त्याला धरला असता असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं.

हायबरीकर
नसता धरला. पण बेलेटी 71 व्या मिनिटाला आत आलेला, ताज्या पायांचा. 80 व्या मिनिटाला त्याला तासभर सावलीमागे धावलेला कुणीच धरू शकला नसता, ह्लेबही नाही. दहा जणांना पळणाऱ्यापेक्षा बॉल पायात धरून ठेवणारा माणूस लागतो, म्हणजे मागच्यांना दोन श्वास घेता येतात. 1-0 असताना ऑन्री एकटा सुटला होता, ल्युंगबर्गलाही जागा मिळाली होती. त्या पळापळीत शेवटचा पास देणारा पिरेस असता तर बेलेटीच्या गोलआधी आर्सेनलचा दुसरा झाला असता. ह्लेबला काढायला हवं होतं.