अर्धवेळ सहकारी दोनला निघतात, २० तारखेची संध्याकाळ मात्र माझ्या वाट्याला येते

पेठेतली_खतावणी (प्रश्न)

शनिवार पेठेतील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात मी पूर्णवेळ काम करते. आमच्या बहुतेक पार्ट्या म्हणजे रविवार पेठ, बोहरी आळी आणि लक्ष्मी रस्त्यावरचे दुकानदार. त्यांची हिशेबाची पुस्तके, जीएसटीची विवरणपत्रे, टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) आणि नोकरांचा व्यवसाय कर आम्ही पाहतो. गेल्या दिवाळीनंतर एक पूर्णवेळ सहकारी नोकरी सोडून गेले आणि त्यांच्या जागी सरांनी दहा ते दोन या वेळेत येणाऱ्या एका ताईंना घेतले. ताई कामाला चोख आहेत, हे आधीच सांगते, कारण पुढचे वाचून त्या कामचुकार आहेत असा कोणाचा समज व्हायला नको.

अडचण अशी, की सोडून गेलेल्या गृहस्थांच्या सगळ्या पार्ट्या जशाच्या तशा ताईंकडे आल्या. चार तासांत त्या बिले टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) भरतात, १४ तारखेला टूबी (पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांचा, म्हणजे वजावट मिळणाऱ्या कराचा जीएसटी पोर्टलवरचा तक्ता) आल्यावर खरेदीची जुळणी करतात आणि थ्रीबीचे, म्हणजे २० तारखेपर्यंत दाखल करायचे जीएसटीचे मासिक विवरणपत्र तयार करून ठेवतात. पण ते दाखल करायला मालकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी लागतो, आणि पेठांतली निम्मी दुकाने एक ते चार बंद असतात. सकाळी अकराला शटर वर गेले की मालक गिऱ्हाइकांत असतात, एकनंतर जेवून आडवे झालेले असतात, आणि साडेचारला ते फोन उचलतात तेव्हा ताई घरी पोहोचलेल्या असतात. मग तो फोन मी करते, ओटीपी मी घेते, आणि "या महिन्यात कर एवढा कसा आला?" हा प्रश्नही मलाच विचारला जातो. त्याचे उत्तर द्यायचे तर ताईंनी केलेली जुळणी मला पहिल्यापासून उघडून पाहावी लागते.

मागच्या २० तारखेला पोर्टल सायंकाळपासून अडखळत होते आणि मी रात्री उशिरापर्यंत बसले होते. माझ्या स्वतःच्या पार्ट्या त्याआधीच संपल्या होत्या. बसले होते ते ताईंच्या पार्ट्यांसाठी. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहज "झाले का सगळे?" असे विचारले, मी "झाले" म्हटले आणि संभाषण तिथेच थांबले. पूर्वी त्या डबा खायला आमच्याबरोबर थांबत असत, आता दोनच्या ठोक्याला पर्स उचलतात. सरांच्या कानावर घातले, तर ते म्हणाले, "तुम्ही दोघी आपापसांत समजून घ्या." ताईंना पगार अर्धा मिळतो, माझा वाढलेला नाही. त्यात पुढची २० तारीख गणपतीत आहे, संध्याकाळी रस्ते बंद असतील आणि घरी पोहोचायचे कसे हाही प्रश्नच आहे.

ताईंची चुगली केल्यासारखे न वाटता हे सरांपुढे कसे मांडावे? कोणाच्या कार्यालयात पूर्णवेळ आणि अर्धवेळ माणसांची वाटणी नीट बसली असेल, तर ती कशी बसली हेही कृपया लिहावे.

धायरीफाटा

यात एवढा विचार कशाला, हे मला कळले नाही. ज्याच्या पार्ट्या, त्याने त्या शेवटपर्यंत न्याव्यात. महिन्यातून एकच दिवस उशिरापर्यंत थांबायचे असेल, तर अर्धवेळ माणसालाही ते जमायला हवे. तुम्ही एकदा २० तारखेला सहाला सरळ निघून जा, म्हणजे सरांनाही आपोआप जाग येईल.

अर्धा_दिवस

"महिन्यातून एकच दिवस" हा हिशेब माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. कर्वे रस्त्यावरील एका कार्यालयात मी अर्धवेळ काम करतो, कारण वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागते. आमच्याकडे हा एकच दिवस ७ तारखेला टीडीएसच्या भरण्यासाठी सुरू झाला. मग ११ तारखेला जीएसटीआर वनसाठी (विक्रीच्या विवरणपत्रासाठी), १५ तारखेला भविष्यनिर्वाह निधीच्या चलनासाठी आणि २० तारखेला थ्रीबीसाठी "आजच्या दिवस थांबा" असे होऊ लागले. शिवाय तिमाही संपली की टीडीएसची विवरणपत्रे आणि सप्टेंबरअखेर लेखापरीक्षण. एवढे सगळे थांबायचे असते, तर मी अर्ध्या पगारावर कशाला आलो असतो?

खतावणीताई, तुमची तक्रार खोटी आहे असे मी म्हणत नाही. संध्याकाळचे फोन तुमच्यावर पडतात हे खरेच आहे. मात्र दोनला निघणाऱ्या माणसाचे काम दोनला संपते, हे गृहीत धरू नका. रात्री साडेनऊला दुकान वाढवल्यावर पार्टी बिलांचे फोटो पाठवते. फोटो तिरके असतात, आणि ज्या कोपऱ्यात जीएसटी क्रमांक असतो नेमका तिथेच कोणाचा तरी अंगठा आलेला असतो. मग तो क्रमांक विचारून घेणे, चुकीचा निघाला तर पुन्हा विचारणे, हे सगळे माझ्या घरी चालते आणि कोणत्याही हजेरीपटावर येत नाही. नव्या सॉफ्टवेअरची माहिती देणारी बैठक आमच्याकडे नेहमी चारला असते आणि तिला मी कधीच नसतो, म्हणून पुढे महिनाभर मलाच सगळ्यांना विचारत फिरावे लागते. पुरुष असल्यामुळे "दुपारनंतर करता काय?" हा प्रश्न वर आहेच.

तुमच्या सहकारी डबा खायला थांबत नाहीत, याचा अर्थ त्या रुसल्या आहेत असाच असेल, असे मला वाटत नाही. आमच्याकडे दोनच्या पुढे पाच मिनिटे रेंगाळले, की हातात एक फाइल येते.

एक उपाय मात्र आमच्याकडे खरोखर चालला. निघण्यापूर्वी मी प्रत्येक पार्टीच्या फाइलवर तीन ओळी लिहून ठेवतो: या महिन्याचा कर किती, मागच्या महिन्यापेक्षा फरक कशामुळे (कोणत्या पुरवठादाराची बिले टूबीत दिसली नाहीत, ते नावानिशी), आणि ओटीपीसाठी कोणाला किती वाजता फोन करायचा. संध्याकाळी बसणाऱ्याला जुळणी उघडावी लागत नाही. आणखी एक विचारतो: ओटीपीचे फोन रोज तुम्हीच करता, हे तुमच्या ताईंना कोणी सांगितले आहे का? आमच्याकडे ते काम आर्टिकलची (सीएच्या प्रशिक्षणासाठी येणारी) मुले करतात, असे मी बरेच दिवस धरून चाललो होतो.

कोथरूडचा_हिशेबनीस

मी स्वतः छोटे कार्यालय चालवतो, तेव्हा मालकाच्या बाजूने दोन शब्द येतील अशी अपेक्षा असल्यास निराशा होईल. आपल्या प्रश्नात दोन सहकाऱ्यांचे भांडण मला कुठे दिसलेच नाही. पूर्ण जागेची अर्धी जागा झाली, पण पार्ट्या अर्ध्या झाल्या नाहीत आणि त्यांच्याकडून येणारी फीही अर्धी झाली नाही. उरलेले अर्धे काम कोणाच्याच नावावर लिहिलेले नाही, म्हणून संध्याकाळी जो खुर्चीत सापडतो त्याच्या अंगावर ते पडते. वाचलेला अर्धा पगार कोणाच्या खात्यात राहिला, हे हिशेब लिहिणाऱ्या माणसांना सांगायला नको. "तुम्ही आपापसांत समजून घ्या" हे उत्तर त्या जागेवरून देणे फार सोपे असते.

म्हणून सरांकडे जाताना ताईंचा विषय काढूच नका, कामाचा काढा. १ ते २० तारखेपर्यंत एक साधा तक्ता ठेवा: पार्टी, विवरणपत्र कोणी तयार केले, दाखल कोणी केले, किती वाजता. टिपणी काही नको. तो तक्ता ताईंबरोबर बसून भरा, आणि त्यांचे रात्रीचे फोटो आणि फोनही त्यात येऊ द्या, म्हणजे कागद एकीविरुद्ध दुसरीचा होणार नाही. थ्रीबीला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, निरंक असेल तर २० रुपये विलंब शुल्क लागते आणि भरायच्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. एखादे विवरणपत्र राहिले, तर पार्टी हे पैसे आपल्या फीमधून कापून घेते. ही भाषा मालकाला लवकर समजते.

वाटणीचे म्हणाल, तर पार्टीनुसार वाटणी अर्धवेळ माणसाला सोसत नाही, असा माझा अनुभव आहे. माझ्याकडे सकाळी येणाऱ्या बाई सर्व पार्ट्यांची खरेदीची जुळणी करतात, मग पार्टी कोणाचीही असो. फोन आणि दाखल करणे दुपारनंतरच्या माणसाकडे असते आणि त्या बदल्यात त्याच्याकडची बिले भरण्याची कामे काढून घेतली आहेत. हे 'काढून घेणे' महत्त्वाचे आहे. नुसते नवे काम दिले आणि जुने तसेच ठेवले, तर वाटणी कागदावरच राहते.

दुसरे म्हणजे, २० तारखेची गर्दीच कमी करता येईल का, ते पाहा. मागील वर्षी ज्यांची उलाढाल ५ कोटी रुपयांपर्यंत होती, त्या पार्ट्यांना तिमाही विवरणपत्राची योजना घेता येते. मग पहिल्या दोन महिन्यांत २५ तारखेपर्यंत फक्त चलनाने कर भरायचा आणि थ्रीबी तिमाहीनंतर, महाराष्ट्रात २२ तारखेपर्यंत. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीची निवड १ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर या काळात होते, म्हणजे आपल्याला अजून वेळ आहे. रविवार पेठेतील घाऊक व्यापाऱ्याच्या गिऱ्हाइकांना दरमहा बिले दिसायला हवी असतात. त्यांच्यासाठी पहिल्या दोन महिन्यांची बिले १३ तारखेपर्यंत स्वतंत्रपणे चढवण्याची सोय आहे. किरकोळ दुकानदाराला तिची गरजच नाही.

दुकानमालकांच्या डिजिटल सहीचे टोकन (सही साठवलेले यूएसबी उपकरण) कार्यालयात ठेवून ओटीपीची कटकट मिटवा, असा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. ही पद्धत सर्रास आहे, पण दुसऱ्याची सही आपल्या खणात असणे मला बरे वाटत नाही.

धायरीफाटा यांचा सहाला निघून जाण्याचा सल्ला मात्र कृपया मानू नका. दंड त्या बिचाऱ्या दुकानदाराला बसेल आणि बोल तुम्हाला लागेल.

मजूर_अड्डा

थोडी कायद्याची बाजू. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना विषयक २०१७ च्या अधिनियमात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा तासांना दुप्पट दर आहे, परंतु मोजकी माणसे असलेल्या छोट्या कार्यालयांना त्यातील बहुतेक तरतुदी लागू होत नाहीत, त्यामुळे त्यावर फार विसंबू नये. भविष्यनिर्वाह निधी जिथे लागू आहे, तिथे मात्र अर्धवेळ कर्मचारीही कर्मचारीच धरला जातो. "त्या अर्धवेळ आहेत, त्यांचा निधी कापत नाही" हे वाक्य मी करसल्लागारांच्या कार्यालयांतच सर्वाधिक ऐकले आहे, आणि हीच मंडळी १५ तारखेला दुसऱ्यांची चलने भरत असतात.

पेठेतली_खतावणी

सर्वांचे आभार. गणपती झाले, २० तारीखही पार पडली, म्हणून जे घडले ते लिहिते.

ताईंना मी तक्ता दाखवला, तेव्हा त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. ओटीपीचे फोन आर्टिकलची मुले करतात, असाच त्यांचा समज होता. 'अर्धा_दिवस' यांचा अंदाज बरोबर निघाला. त्यांच्या बाजूचे रकाने भरल्यावर मलाही कळले, की बोहरी आळीतील एका पार्टीची पत्र्याच्या डब्यांची बिले त्या रात्री अकराला घरी बसून भरत होत्या. त्यांच्या सासूबाईंना सांभाळणारी बाई अडीचला निघते, त्यामुळे संध्याकाळी येणे त्यांना शक्य नाही. मात्र १६ तारखेपासून साडेचार ते साडेपाच या वेळेत पार्ट्यांचे फोन त्या घरून घेतात, "कर एवढा कसा" याचे उत्तर देतात आणि ओटीपी आर्टिकलच्या मुलाला सांगतात. तीन ओळींची चिठ्ठी सुरू झाली आहे. २० तारखेला मी साडेसातला निघाले आणि अलका चौकापर्यंत चालत गेले.

तक्ता आम्ही दोघींनी मिळून सरांना दिला. तिमाही योजनेचे त्यांना पटले आणि लहान दुकानदारांची यादी करायला त्यांनी सांगितले आहे. ताईंच्या घरच्या तासाचे पैसे आणि त्यांच्या पार्ट्यांच्या माझ्याकडे राहिलेल्या कामाचा मोबदला, या दोन्हींवर मात्र "मार्चनंतर बघू" एवढेच उत्तर मिळाले. यावर आता काही करावे, की मार्चपर्यंत थांबावे?

कोथरूडचा_हिशेबनीस

थांबू नका. आपल्या धंद्यात "मार्चनंतर" म्हणजे केव्हा, हे सर पक्के जाणून आहेत: मार्चच्या टीडीएसचा भरणा ३० एप्रिलला, चौथ्या तिमाहीचे विवरणपत्र ३१ मेला, आणि तोवर आयकराची गर्दी सुरू झालेली असते.

घरच्या तासाचा प्रश्न आधी सोडवून घ्या, कारण तो लहान आहे आणि त्याला नाही म्हणणे सरांना अवघड जाईल. ताईंचा पगार चार तासांचा असेल, तर महिन्यातील त्या पाच दिवसांचे पाच तास त्याच दराने मागावेत, किंवा तेवढ्या वेळेपुरते त्यांनी इतर दिवशी लवकर निघावे. तुमच्या मोबदल्यासाठी तक्रारवजा पत्र नको, साधा ईमेल पुरे. ज्या पार्ट्या मूळच्या तुमच्या नव्हत्या त्यांची नावे, त्यांचे काम कोणत्या महिन्यापासून तुमच्याकडे आले, आणि सरांनी "मार्चनंतर" असे कोणत्या तारखेला सांगितले, एवढेच त्यात असू द्या, आणि ताईंनाही प्रत पाठवा.