पुण्यात वन्यप्राणी रेस्क्यूसाठी व्हॉलंटियर व्हायचंय, नेमकं काम काय असतं?

कोथरूडची_मैना:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात आहे म्हणून विचारते. संक्रांतीनंतर आमच्या सोसायटीच्या आंब्यावर एक घार मांज्यात लटकलेली होती, फायर ब्रिगेडवाले आले, रेस्क्यूवाले आले, तेव्हापासून वाटतंय की आपणही यात पडावं. मी आयटीत आहे, शनिवार-रविवार मोकळे, गाडी आहे, प्राण्यांची भीती नाही (घरी दोन मांजरं आहेत). शिक्षण नसताना घेतात का? पिल्लांना भरवायला वगैरे मिळतं का? नवरा म्हणतो त्यापेक्षा महिन्याला पैसे दे, ते जास्त उपयोगी पडतील. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा ना.

रानवाटा:
ताई, घेतात, डिग्रीची अट नसते. पण पिल्लांना भरवायला मिळेल म्हणून येत असाल तर येऊ नका, हे आधीच सांगतो. पिंजरे धुणं, ट्रेमधले पेपर बदलणं, टॉवेल धुणं, खाणं चिरून वजन करून ठेवणं, फोन घेणं, हेच काम असतं आणि मी आजही हेच करतो, मनापासून करतो. कारण तिथल्या प्राण्याला माणसाची सवय लागली की त्याला परत सोडता येत नाही, मग आयुष्यभर पिंजरा.

गव्हाणी घुबडाचं पिल्लू घ्या, जुन्या बिल्डिंगच्या डक्टमधली कायम येतात. भरवणारा तोंड झाकून जातो, चिमट्याने देतो, एक शब्द बोलत नाही. नाहीतर ते माणसालाच आई समजतं, आणि सोडल्यावर कुणाच्या तरी गॅलरीत जाऊन बसतं आणि घुबड दिसलं की आपल्याकडे लोक काय करतात ते माहितीये. खायला अख्खा उंदीर लागतो, केस हाडं सगळ्यासकट. लोक घरी ठेवून प्रेमाने चिकनचा खिमा भरवतात, त्यात हाडच नाही म्हणजे कॅल्शियम नाही, पायाची हाडं वाकतात. असं पिल्लू टेबलावर ठेवलं की उभंच राहत नाही, पोटावर बसून नुसतं फिसफिसतं आणि आपल्याकडे बघतं. फार वाईट वाटतं हो.

आणि फोनला कमी समजू नका. उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त वेळ लोकांना 'उचलू नका' सांगण्यात जातो. पक्ष्याच्या पिल्लाला पिसं आलेली, शेपूट आखूड, जमिनीवर टुणटुण उड्या मारतंय म्हणजे ते उडायला शिकतंय, आईबाप जवळच्याच फांदीवर असतात, मांजर-कुत्रं हाकला आणि झुडपात ठेवा, बास. पिसंच नसतील तर घरट्यात परत ठेवा. हाताचा वास लागला की आई टाकते हे खोटं आहे. खरंच जखमी असेल तर पुठ्ठ्याचा खोका, वर भोकं, अंधार, शांतता, आणि चोचीत दूध-पाणी ओतायचं नाही, श्वासनळीत जातं.

पुण्यात बावधनला वनखात्याबरोबर रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर (जखमी वन्यप्राण्यांना उपचारांपुरतं ठेवायचं केंद्र) चालवतं, तिथे चौकशी करा. जी संस्था पहिल्याच दिवशी हातात साप नाहीतर घुबड देऊन फोटो काढू देते तिथून सरळ परत फिरा.

शिवनेरीकर:
मी जुन्नर तालुक्यातला, आमच्याकडचं सांगतो. ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची बछडी सापडतात. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राची माणसं येऊन तपासतात आणि अंधार पडायच्या आत त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात, मादी बऱ्याचदा त्याच रात्री येऊन उचलून नेते. तिला पिल्लं मिळाली नाहीत तर ती त्याच भागात फिरत राहते, धोका गावालाच. म्हणून बछडी उचलून फोटोसाठी गावात आणणं बंद व्हायला पाहिजे.

पण लोक चिडलेले असतात आणि त्यांचं चुकत नाही, जुन्नर-शिरूरकडे बिबट्याने माणसं मारलीत, लहान पोरं गेलीत. तिथे बाहेरून येऊन प्राणी वाचवा म्हणून कुणी सांगायला लागलं तर ऐकून कोण घेणार? तिथे लागतो गावातलाच माणूस, जो मुकादमाला सांगून टोळी दुसऱ्या फडात लावेल, गर्दी लांब ठेवेल आणि रात्री कुणाला तिकडे फिरकू देणार नाही. हेही व्हॉलंटियरिंगच आहे, आणि याची फार गरज आहे.

डहाणूची_पोर:
आमच्याकडे कासवांसाठी केंद्र आहे, वनखातं आणि स्थानिक संस्था मिळून चालवतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की जखमी ऑलिव्ह रिडले जातीची कासवं किनाऱ्याला लागतात, समुद्रात सुटलेल्या जाळ्याच्या तुकड्यात अडकून पुढचा पाय कापला गेलेला असतो. काहींना बुडीच मारता येत नाही, टाकीत एका बाजूला कलंडून तरंगत राहतात, आणि बरं व्हायला महिने लागतात. किनाऱ्यावर कासव दिसलं की लोक चांगल्या मनाने परत पाण्यात ढकलतात, ते करू नका प्लीज! दमलेलं असतं, बुडून मरतं. सावली करा, वर ओलं कापड टाका (नाकपुड्या मोकळ्या ठेवून) आणि १९२६ ला फोन करा, वनखात्याची हेल्पलाइन आहे.

मुळाकाठ:
मैनाताई, तुमच्या मिस्टरांचंही बरोबर आहे. एक्स-रे, औषधं, मांस, पेट्रोल, खर्च रोजचा असतो, त्यामुळे दिवाळीला एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा महिन्याला थोडे पण नियमित द्या, संस्थेला हिशेब बांधता येतो. पण पैशाबरोबर तुमची गाडीही द्या. शनिवारी संध्याकाळी हडपसरला कुणाकडे खोक्यात घार आहे आणि आणायला माणूस नाही असं सारखं होतं. फक्त संस्थेने पाठवल्याशिवाय उचलायचं नाही आणि रात्रभरही घरी ठेवायचं नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, हेतू चांगला असला तरी लागू होतो.

आणि संक्रांत झाली की सोसायटीतल्या पोरांना घेऊन झाडातारांवरचा मांजा काढा (विजेच्या तारा सोडून, तिथे महावितरणलाच सांगा). नायलॉन मांज्यावर हरित लवादाची २०१७ पासून बंदी आहे तरी मिळतोच, आणि वर्षभर झाडात राहतो. घारीच्या पंखाच्या पुढच्या कडेला जी ताणलेली कातडी असते ती त्याने कापली की हाड शाबूत असूनही ती पुन्हा नीट उडेल याचा भरवसा नसतो.

कोथरूडची_मैना:
सगळ्यांचे खूप आभार. गाडीचं एकदम पटलं, या शनिवारी बावधनला जाऊन विचारते. लस वगैरे घ्यावी लागते का?

रानवाटा:
हो, रेबीजची आधीच घ्यायची लस असते ती डॉक्टरांना विचारून सुरू करा, धनुर्वाताचंही बघून घ्या. वानर, मुंगूस, वटवाघूळ काहीही येतं. घरी मांजरं आहेत ना, मग तिथले कपडे-चपला वेगळे ठेवा आणि आल्यावर आधी आंघोळ.