‘वन’चा व्हिडिओ: चित्रपटाने गाणं मोठं केलं की झाकलं?

सावनी_प: व्हिडिओ करायचेच नाहीत यावर मेटालिका हा अमेरिकन हेवी मेटल बँड बरीच वर्षं ठाम होता. १९८९ साली त्यांचं ‘वन’ हे गाणं सिंगल म्हणून, म्हणजे अल्बममधून सुटं आलं आणि त्यासाठी त्यांनी पहिला व्हिडिओ केला. लाँग बीचच्या एका गोदामात बँड वाजवतोय, सगळं कृष्णधवल, आणि मध्ये मध्ये डाल्टन ट्रम्बोच्या ‘जॉनी गॉट हिज गन’ (१९७१) या चित्रपटातले प्रसंग. माझ्या मते त्या प्रसंगांनी गाण्याचं नुकसान केलं. सुरुवातीची गिटार इतकी हळुवार उलगडत जाते, की तिच्यावर चित्रपटातलं कुणी बोलायला लागलं की मला सहन होत नाही. शिवाय गाण्यातल्या सैनिकाला नाव नाही, युद्धालाही नाही. तो कुणाच्याही घरातला मुलगा असू शकतो. व्हिडिओने त्याला चित्रपटाचा नायक जो बोनहॅम करून पहिल्या महायुद्धात नेऊन बसवलं. गाण्यात सुरुंग, चित्रपटात तोफगोळा, तेही जुळत नाही.

रात्रपाळी: साफ असहमत. मला गाण्याचे शब्द नीट कळायचेच नाहीत, व्हिडिओ पाहिला तेव्हा कळलं काय चाललंय. हात, पाय, डोळे, कान, तोंड, सगळं गेलेला माणूस पलंगावर पडलाय आणि उशीवर नुसतं डोकं आपटतोय. डॉक्टरांना वाटतं झटके आहेत, म्हणून ते गुंगीचं औषध देतात. तो मोर्स कोडमध्ये, म्हणजे ठोक्यांच्या सांकेतिक भाषेत बोलत असतो! साडेचार मिनिटांच्या आसपास ड्रमर लार्स उलरिकचा डबल बास (दोन्ही पायांनी वाजवायचा बास ड्रम) मशिनगनसारखा सुटतो, तेव्हा ते ठोके आणि ते डोकं मला वेगळं काढताच येत नाही. आणि लोकशाही म्हणजे काय असं मुलगा बापाला विचारतो तो प्रसंग? बापाला धड उत्तर देता येत नाही. तो काढून टाकायचा?

सावनी_प: प्रसंग ताकदीचा आहे, नाही कोण म्हणतंय? पण ती ताकद ट्रम्बोची. अल्बमवर गाण्याआधी युद्धाचे आवाज आहेत, मला तेवढ्यानेच काटा येतो.

चारतारा: मी बास गिटार वाजवतो, म्हणून माझं दुखणं वेगळं. मेटालिकाचा बासवादक क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, आणि ‘वन’ ज्यात आहे त्या अख्ख्या अल्बमवर त्याचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. व्हिडिओत निदान त्याची बोटं चालताना दिसतात, मी तेवढ्यासाठी तो बघतो. सावनीताई, चित्रपटाचे तुकडे नसलेली आवृत्तीही बँडने काढली आहे, नुसतं वादन. ती बघा.

सावनी_प: पाहिली आहे, माझ्यासाठी तीच खरी. २०११ ला बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर ‘वन’ समोर उभं राहून ऐकलं. तिथे ना जो होता, ना डॉक्टर. काहीही कमी वाटलं नाही.

रात्रपाळी: मीही होतो त्या गर्दीत, पुण्याहून रात्रभर बसने गेलो होतो. डबल बास सुरू झाला आणि मी डोळे मिटले. मला ती उशीच दिसली.